बायपासच्या आधी आणि नंतर सर्ट्रालीन : दहा महिन्यांचा अनुभव

नैराश्याची गोळी चालू असताना वजन कमी करायचं ऑपरेशन करता येतं का, आणि केल्यावर ती गोळी पहिल्यासारखी लागू पडते का, हे मी माझ्या बायपासच्या, म्हणजे वजन कमी करायच्याच एका ऑपरेशनच्या, आधी खूप शोधलं. मराठीत जे मिळालं ते एकतर ऑपरेशनबद्दल होतं, नाहीतर गोळीबद्दल. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आली की काय होतं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. डोसचे आकडे माझे आहेत, माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवलेले. ते कुणीही स्वतःला लावून घेऊ नयेत.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला एका खेड्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४२. ऑपरेशनच्या आधी वजन १०८ किलो आणि उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४५ च्या आसपास. मधुमेह होता, छातीत सतत जळजळ व्हायची, शाळेच्या चार पायऱ्या चढताना गुडघे बोलायचे. नैराश्याचं निदान त्याहून जुनं, धाकट्याच्या जन्मानंतरचं. तेव्हापासून मधले काही काळ सोडले तर गोळी चालूच आहे.

नागपूरच्या सर्जननी स्लीव्हऐवजी (त्यात जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी ठेवतात) बायपास सुचवला, कारण मधुमेह आणि जळजळ दोन्ही होतं, आणि स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा भाग, साधारण ३० मिलीलिटरची पिशवी, वेगळा करतात आणि ती पिशवी थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. हे सगळे सांगतात. पण गोळीही त्याच वाटेने जाते, हे ठासून सांगितलं ते माझ्या यवतमाळच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी. गोळी विरघळायला लागणारं आम्ल कमी होतं, ती शोषून घेणारी जागा कमी होते, शिवाय महिन्या-महिन्याला शरीर बदलत जातं. गोळी तीच राहते, तिला घेणारं पोट मात्र दुसरंच झालेलं असतं.

आता ऑपरेशनच्या आधीचं. मला सगळ्यात मोठी भीती ही होती की डोक्याची गोळी चालू आहे असं सांगितलं तर ऑपरेशनला नाही म्हणतील. याच भीतीने गोळी लपवणारी माणसं मला वॉर्डात भेटली. खरं तर उपचार चालू असलेलं, आटोक्यात असलेलं नैराश्य ऑपरेशनच्या आड येत नाही. आजार फार जोरात असेल, भ्रम-भास होत असतील किंवा दारूचं व्यसन चालू असेल तर आधी ते सावरायला सांगतात. मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी असते ती तयारीसाठी. लपवलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही कळत नाही, आणि ते जास्त धोक्याचं, कारण ट्रॅमाडॉलसारखी काही वेदनाशामकं या गोळ्यांबरोबर दिली तर त्रास होऊ शकतो.

माझी जुनी गोळी पॅरोक्सेटीन होती, तीही ‘सीआर’, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी. मॅडम म्हणाल्या की या जातीच्या गोळ्यांमध्ये वजन वाढवण्याची सवय पॅरोक्सेटीनला जास्त, आणि हळू विरघळणारी गोळी बायपासनंतर पूर्ण विरघळायच्या आधीच पुढे सरकून जाऊ शकते. म्हणून ऑपरेशनच्या कितीतरी आधी, घाई न करता, एक कमी करत दुसरी वाढवत त्यांनी मला सर्ट्रालीन या नैराश्याच्याच दुसऱ्या, साध्या गोळीवर आणलं. पॅरोक्सेटीन सोडताना डोक्यात झटके बसल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची, मुलांवर उगाच चिडचिड व्हायची. ते काही आठवडे चाललं आणि गेलं. हा बदल ऑपरेशनच्या तोंडावर केला असता तर कुठला त्रास कशाचा हे कुणालाच कळलं नसतं, म्हणून ज्यांच्या पट्टीवर सीआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, एसआर असं काही, म्हणजे हळू विरघळणाऱ्या गोळीची खूण, छापलेलं असेल त्यांनी हा विषय तारीख ठरायच्या आधी काढावा.

मॅडमनी आणखी एक काम केलं, ज्याचं मोल मला नंतर कळलं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं का, झोप कशी होती, स्वतःबद्दल वाईट वाटलं का, असे प्रश्न. बेरीज ० ते २७. १० किंवा जास्त झाली की लक्ष द्यायचं. ऑपरेशनच्या आधी सर्ट्रालीन १०० मिलिग्रॅमवर माझी बेरीज ६ होती. तो आकडा त्यांनी कार्डावर लिहून ठेवला, म्हणजे नंतर तुलना करायला काहीतरी हातात राहिलं.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. त्या सकाळीही भूलतज्ज्ञांनी घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायला सांगितली. सुट्टीच्या कागदावर मात्र मधुमेहाची, आम्लाची, व्हिटॅमिनची सगळी औषधं होती आणि सर्ट्रालीनच नव्हती. मी माझ्या औषधांची यादी वहीच्या पानावर लिहून पर्समध्येच ठेवली होती. ती दाखवली, तेव्हा पेनने खाली भर पडली. कुणाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पण सर्जन एका शहरात आणि मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या, तेव्हा त्यांच्यामधला दुवा रुग्ण आणि त्याचं घर हाच असतो. एकीकडचा कागद दुसरीकडे आपणच न्यायचा.

पहिले काही आठवडे गोळ्या कुटून घ्यायच्या होत्या. सर्ट्रालीनची साधी गोळी कुटता येते, पण चव कोणी सांगत नाही. कडू तर आहेच, शिवाय जीभ बधिर होते. मी खलबत्त्यात बारीक करून दोन चमचे पातळ ताकात कालवून घ्यायचे. जिभेच्या टोकाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि पुढचा बराच वेळ वरणाच्या पाण्यालाही चव लागायची नाही. जिभेच्या मागच्या बाजूला टाकून लगेच गिळलं तर बधिरपणा कमी होतो, हे नंतर जमलं. पुढे १०० ची एक गोळी घेण्याऐवजी ५० च्या दोन, थोड्या अंतराने, अशा गिळायला लागले. हळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कधीच कुटायच्या नाहीत, सगळं औषध एकदम सुटतं.

पहिला महिना मन चांगलं होतं. वजन भराभर उतरत होतं, साखर खाली आली होती, मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या. मग साधारण सहाव्या आठवड्यात घसरण सुरू झाली. पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. शाळेत पोरं समोर बसलेली आणि फळ्यावर पुढचं अक्षर लिहायला हात उचलत नाही. वजन तर कमी होत होतं, मग रडू कशाचं येतंय, हे घरात कुणाला सांगता येईना. सासूबाई काळजीने म्हणायच्या, “आता तं सारं चांगलं झालं ना माय, मंग काऊन रडते?”

यवतमाळला जाऊन तीच नऊ प्रश्नांची यादी भरली. बेरीज १५. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, २०१२ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. बायपास झालेले १२ रुग्ण, सगळे सर्ट्रालीनसारख्या गोळ्या घेणारे. ऑपरेशननंतर एका महिन्याने त्यांतल्या आठ जणांच्या रक्तात औषधाचं प्रमाण सरासरी आधीच्या ५४ टक्क्यांवर आलं होतं, आणि सहा महिन्यांनी त्या आठांपैकी सहा जणांचं पूर्वीइतकं किंवा जास्त झालं होतं. चार जणांची नैराश्याची लक्षणं मधल्या काळात वाढली होती. अभ्यास लहान आहे, प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, हे मॅडमनी स्वतःच सांगितलं. पण माझं जे होत होतं त्याला शरीराचं एक कारण असू शकतं, हे ऐकूनच मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले. डोस १५० केला. फरक जाणवायला तीनेक आठवडे गेले. आधी झोप सुधारली, मग भूक लागल्याची जाणीव, आणि सगळ्यात शेवटी हसू.

सगळं खापर शोषणावरच फोडता येणार नाही. खाणं हा माझा आधार होता, हे मला त्या काळात पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. घरात सगळे झोपले की मी चिवड्याचा डबा काढायचे, कधी तर्रीत बुडवलेली शिळी भाकर. दिवसभराचा ताण तिथे उतरायचा. ऑपरेशनने तो दरवाजा एका दिवसात बंद केला. चार घासांत पोट भरतं, पाचवा घास छातीत अडकतो. ताण मात्र तेवढाच राहतो, रोज त्याच वेळी येतो. गोळी त्या वेळची जागा भरून देत नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे बसावं लागलं. मला कामाला आलेला उपाय अगदी साधा आहे. रात्री साडेनऊला जाऊबाईंसोबत अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलणं, हंगाम नसला तर नुसतं बोलणं. हात आणि तोंड दोन्ही गुंतलेले राहतात.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त घाबरवलं ती. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शेजारणीच्या घरी तिळगुळाचा अर्धा लाडू खाल्ला. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, जानेवारीच्या थंडीत पदर घामाने भिजला, हात थरथरायला लागले, पोटात कळ. मला वाटलं जुने पॅनिकचे, म्हणजे घबराटीचे, झटके परत आले. ओसरीवर आडवी झाले, बायका भोवती जमल्या, कुणी कांदा हुंगवला. अर्ध्या-पाऊण तासात सगळं ओसरलं.

तो डम्पिंगचा त्रास होता. गोड पदार्थ त्या छोट्या पिशवीतून झपकन आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, आणि शरीर गडबडतं. याचा दुसराही प्रकार आहे, खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येणारा. त्यात साखर एकदम खाली जाते. लक्षणं घबराटीच्या झटक्यासारखीच. ज्यांना आधीपासून चिंतेचा त्रास आहे त्यांची इथे फार गल्लत होते, आणि उगाच मनाच्या औषधाचा डोस वाढवला जाऊ शकतो. मॅडमनी सांगितलं, झटका आला की आधी दोन गोष्टी लिहायच्या: शेवटचं काय खाल्लं आणि किती वेळापूर्वी. घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर तेव्हाच बोट टोचायचं. माझ्या वहीत पुढच्या महिन्यांत जे झटके नोंदले गेले ते जवळजवळ सगळे गोडानंतरचे किंवा घाईघाईने भात खाल्ल्यानंतरचे निघाले. ते कळल्यावर भीती निम्मी झाली.

थकव्याचंही तसंच. चौथ्या-पाचव्या महिन्यात केस मूठमूठ गळायचे आणि अंगात त्राण नसायचं. हे नैराश्य आहे असंच मला वाटत होतं. रक्त तपासलं तर लोह आणि बी-१२ दोन्ही कमी. बी-१२ कमी असलं की मन उदास होतं, विसरायला होतं, हातापायाला मुंग्या येतात. बायपासनंतर ते आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही आठवड्यांत दुपारचं गळून जाणं थांबलं. केस गळणं वजन झपाट्याने उतरल्यावर होतंच आणि थांबतं, पण बाईच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो ते पुरुष डॉक्टरांनी जरा लक्षात घ्यावं. एका गोष्टीत मात्र वाट बघत थांबायचं नाही: सतत उलट्या होत असतील तर लगेच दवाखाना. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडलं तर मेंदूवर परिणाम होतो, ते मनाचं दुखणं समजून घरी बसू नये.

उन्हाळा कठीण गेला. सर्ट्रालीनने काही जणांना घाम जास्त येतो, मला येतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. त्यात बायपासनंतर तांब्याभर पाणी एकदम पिता येत नाही, जेवणाबरोबर तर नाहीच. मी बाटलीला पेनाने खुणा केल्या होत्या आणि शाळेची घंटा झाली की एक खूण संपवायची. ताकात मीठ, ज्वारीची पातळ आंबील यांनी तारलं. याच सुमारास हात थरथरायला लागले, पोट सैल राहायला लागलं, घाम आणखी वाढला. साखर ठीक, रक्त ठीक. मॅडम म्हणाल्या, शोषण सुधारलं असावं, आता १५० जास्त होतंय. हळूहळू पुन्हा १०० वर आणलं आणि दोनेक आठवड्यांत थरथर गेली. म्हणजे वाढवलेला डोस तसाच ठेवून देणंही बरोबर नाही. पहिल्या वर्षात दर दीड-दोन महिन्यांनी बघायला हवं.

गावात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आणखी. अंग दुखलं की इंजेक्शन, ही आपल्याकडची पद्धत. ते बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक असतं. बायपासच्या जोडाजवळ या जातीच्या वेदनाशामकांनी अल्सर होऊ शकतो, आणि सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. कापूस वेचायला गेले आणि पाठ धरली तेव्हा गावच्या डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं, पॅरासिटामॉल द्या, दुसरं नको. ते जरा रागावले, पण दिलं. दुसरं, गोळी एकदम बंद पडता कामा नये. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमचं गाव तुटतं, एसटी येत नाही. म्हणून जूनमध्येच जादा पट्ट्यांची चिठ्ठी लिहून घेते. जनऔषधी केंद्रात हीच गोळी बऱ्याच कमी किमतीत मिळते. कंपनी बदलली की मी तारीख वहीत लिहिते, मला तरी फरक जाणवला नाही.

पुरुष मंडळींसाठी एक ओळ: बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि ज्यांना आधी व्यसन नव्हतं त्यांनाही लागण्याचा धोका वाढतो. मोहाची असो की दुकानातली. तरुण मुलींनी हेही लक्षात घ्यावं की गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर भरवशाच्या राहतीलच असं नाही, आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात.

लोकांचं बोलणं चालूच असतं. आधी “किती जाडी झाली”, आता “किती वाळली वं, शुगर वाढली का?” गोळीबद्दल तर जास्तच. माझ्याच नात्यातल्या एकीने सांगितलं, “त्या गोया खाऊन खाऊन डोकसं मंद होते, सोडून दे.” मी शाळेत जाते, पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवते, घरचं बघते. डोकं मंद झालेल्या बाईचं हे काम नाही. यजमानांनी सुरुवातीला गोळी कुणाला दिसू नये म्हणून फडताळात वर ठेवली होती. आता ती मधुमेहाच्या गोळ्यांच्या डब्यातच असते.

कुणाला या काळात जगणं नको असं वाटलं तर थांबू नका. ऑपरेशननंतर काही जणांत असे विचार वाढतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे, म्हणूनच पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर खरं द्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून तो सुरू आहे. यवतमाळ आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, तसंच सेवाग्रामला मानसोपचार विभाग आहेत.

आज वजन ७६ किलो आहे, बेरीज ५, डोस १००. ऑपरेशन पुन्हा करशील का असं विचारलं तर हो. गोळी चालू ठेवून करशील का, तर तशीच करीन, आणि आधी मॅडमना विचारून. पोळ्याला पुरणपोळीचा एक चतकोर तुकडा, आधी वाटीभर वरण खाऊन, सावकाश खाल्ला. काही झालं नाही. पुढच्या महिन्यात रक्त आणि यादी दोन्ही आहे. गोळी कमी करायचा विचार वर्ष पूर्ण झाल्यावरच करायचा, असं मॅडमनी सांगून ठेवलंय.